परक्या पैशाने समुद्र जोडणारा
फर्डिनांड द लेसेप्स : कालवा कोणी खणला आणि किंमत कोणी मोजली?

विशेष प्रतिनिधी, जाम (जि. वर्धा)

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्याच्या नावात समुद्र आहे, प्रत्यक्षात तो शेकडो कोस दूर आहे. याच तालुक्यातील जाम हे गाव रस्त्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. नागपूरहून आलेला महामार्ग येथे फुटतो. एक वाट हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे, तर दुसरी चंद्रपूरकडे जाते. आजूबाजूचा सारा मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या हिंगणघाटचे नाव कापसाच्या एका नामांकित प्रतीला मिळाले होते आणि त्या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात सौदे होत असत. गाव कधीही न पाहिलेले इंग्रज व्यापारी हिंगणघाट हा शब्द अचूक ओळखत.

या कापसाला युरोपात पोचण्यासाठी पूर्वी आफ्रिकेला संपूर्ण वळसा घालावा लागे. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई ते लंडन हे सागरी अंतर सुमारे दोनपंचमांशाने घटले. दोन वर्षे आधीच, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत आली होती. पुढील दशकात वर्ध्याहून हिंगणघाट आणि वरोऱ्याकडे रुळ गेले. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस आगगाडीने मुंबईला आणि तेथून आगबोटीने थेट भूमध्य समुद्रात जाऊ लागला. लिव्हरपूलच्या जोडीला त्रिएस्त, मार्सेय, जिनोआ ही बंदरेही हिंदुस्थानी कापसाची गिऱ्हाइके झाली.

हा जलमार्ग ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो फर्डिनांड द लेसेप्स अभियंता नव्हता, सावकार नव्हता आणि दर्यावर्दीही नव्हता. तो होता मुत्सद्दी. इतरांना आपल्या स्वप्नात पैसे घालायला लावणे, हे त्याचे खरे कौशल्य. त्या कौशल्याने त्याला जगाच्या शिखरावर नेले आणि त्याच कौशल्याने त्याला वयाच्या ८७ व्या वर्षी शिक्षा झालेला आरोपी केले. मोठ्या जलमार्गाचा आणि त्याच्या सुधारणेचा खर्च कोणी सोसायचा, या आजही न सुटलेल्या प्रश्नाचे धडे त्याच्या चरित्राइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे सापडतील.

मुत्सद्द्यांच्या घराण्यातला मुलगा

लेसेप्सचा जन्म १९ नोव्हेंबर १८०५ रोजी व्हर्साय येथे झाला. वडील मातिय द लेसेप्स फ्रान्सच्या परराष्ट्र सेवेत होते. आई स्पेनशी संबंध असलेल्या घराण्यातील. पुढे तिसऱ्या नेपोलियनची सम्राज्ञी झालेली युजेनी ही या मातुल घराण्यामुळेच लेसेप्सची नातलग लागे. हे नाते त्याच्या आयुष्यात फार मोलाचे ठरले.

विशीतच तो लिस्बन येथील फ्रेंच वकिलातीत रुजू झाला, पुढे ट्युनिसला गेला आणि १८३२ मध्ये अलेक्झांड्रियात उपवाणिज्यदूत म्हणून आला. रोगराईच्या भीतीने त्याचे जहाज बंदराबाहेर रोखून ठेवण्यात आले. त्या सक्तीच्या विश्रांतीत नेपोलियन बोनापार्टच्या इजिप्त मोहिमेतील अभियंता ल पेर याचा अहवाल त्याने वाचला. भूमध्य आणि तांबडा समुद्र जोडणाऱ्या कालव्याची चर्चा त्यात होती. तांबड्या समुद्राची पातळी सुमारे दहा मीटर उंच असल्याचा चुकीचा निष्कर्षही त्यात होता. तो पुढे खोटा ठरला. पण कालव्याचे वेड लेसेप्सच्या डोक्यात शिरले ते कायमचे.

इजिप्तचा शासक मोहम्मद अली याच्याशी त्याचे सलोख्याचे संबंध जुळले. मोहम्मद अलीचा एक मुलगा सईद फार लठ्ठ होता. वजन उतरावे म्हणून बाप त्याला कठोर व्यायाम आणि अर्धपोटी आहार देत असे. हा राजपुत्र लेसेप्सच्या घरी येऊन चोरून मॅकरोनी खात असे, अशी कथा चरित्रकारांनी रंगवून सांगितली आहे. कथेतील मीठमसाला वगळला, तरी दोघांची मैत्री खरी होती. पुढे एका खंडाचा भूगोल बदलणारा करार या मैत्रीच्या बळावर झाला.

मध्यंतरी लेसेप्सची कारकीर्द कोसळली. १८४९ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला रोम येथे वाटाघाटीसाठी पाठविले आणि त्याने केलेला समझोता नाकारून त्यालाच दोषी धरले. त्याने सरकारी सेवा सोडली. १८५३ मध्ये पत्नी आगात आणि एक मुलगा यांचे निधन झाले. फ्रान्सच्या बेरी प्रांतात ला शेने येथे सासूच्या शेतीवाडीची देखरेख करीत तो दिवस कंठू लागला. वय ४८. सर्वसामान्य माणसाचे चरित्र येथे संपले असते.

वाळूतला करार

१८५४ च्या उन्हाळ्यात सईद इजिप्तच्या गादीवर आला. ही बातमी कळताच लेसेप्सने बाडबिस्तरा आवरला. ७ नोव्हेंबरला तो अलेक्झांड्रियात उतरला आणि ३० नोव्हेंबरला कालव्याची सनद त्याच्या हातात होती. जेमतेम तीन आठवडे! १८५६ मध्ये ही सनद अधिक तपशिलाने पक्की झाली. कालवा सुरू झाल्यापासून ९९ वर्षे कंपनीकडे राहील; नफ्यातील १५ टक्के इजिप्त सरकारला, १० टक्के संस्थापकांना आणि ७५ टक्के भागधारकांना मिळतील, असा हिशेब ठरला.

कागदावर हिशेब सोपा होता. प्रश्न पैशाचा होता. नोव्हेंबर १८५८ मध्ये लेसेप्सने प्रत्येकी ५०० फ्रँकचे चार लाख समभाग विक्रीस काढले. भांडवल २० कोटी फ्रँक. तेव्हा साधारण २५ फ्रँकचा एक पौंड होत असे. मोठ्या सावकारी पेढ्यांची दलाली टाळून त्याने थेट लोकांना हाक घातली. फ्रान्समध्ये एकवीस हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे दोन लाख सात हजार समभाग घेतले. त्यात दुकानदार होते, कारकून होते, शिक्षक होते. परंतु ब्रिटन, रशिया, ऑस्ट्रिया आणि अमेरिकेसाठी राखून ठेवलेल्या समभागांकडे त्या देशांनी पाठ फिरविली. ब्रिटिश पंतप्रधान पामर्स्टन यांचा तर या योजनेला उघड विरोध होता.

उरलेले समभाग लेसेप्सने मित्राच्या खात्यावर टाकले. सईदच्या नावे अखेर एक लाख ७७ हजारांहून अधिक समभाग जमा झाले. एवढा पैसा इजिप्तच्या खजिन्यात नव्हता, म्हणजे कर्ज आले. मैत्रीची किंमत एका राष्ट्राच्या खातेवहीत चढली, ती अशी.

२५ एप्रिल १८५९ रोजी पोर्ट सैदच्या किनाऱ्यावर पहिली कुदळ पडली. इजिप्तने केवळ पैसाच नव्हे, माणसेही द्यायची होती. दर महिन्याला वीस-पंचवीस हजार शेतकरी गावागावांतून वेठीला धरून आणले जात. तितकेच लोक परतीच्या वाटेवर आणि तितकेच येण्याच्या वाटेवर असत. शेतीचा हंगाम बुडे तो वेगळाच. नाममात्र मजुरी, उन्हाचा कहर आणि साथीचे रोग यांत किती माणसे दगावली, याच्या आकड्यावर आजतागायत एकमत नाही.

कापसाची तेजी, कर्जाचा डोंगर

जानेवारी १८६३ मध्ये सईद मरण पावला आणि पुतण्या इस्माईल गादीवर आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा जगभर कापसाचा दुष्काळ पडला होता. १८६१ ते १८६५ या काळात जी तेजी मुंबईच्या पेढ्यांवर सोन्याचा पाऊस पाडून गेली, तीच नाईलच्या खोऱ्यातही आली. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्या नावाने शेअर बाजार डोलत होता. इकडे बॅक बेच्या भरावाच्या कंपनीचे समभाग अनेक पटींनी विकले जात होते, तिकडे इस्माईल नवे राजवाडे, रेल्वे आणि बंदरे यांवर कर्ज काढून खर्च करीत होता. युद्ध संपले, भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा दिवस मुंबईच्या इतिहासात दिवाळखोरीचा दिवस म्हणून नोंदला गेला. इजिप्तचे दिवाळे निघायला आणखी दहा वर्षे लागली, एवढाच फरक.

इस्माईलने वेठबिगार थांबविली. ब्रिटिशांचाही त्यासाठी दबाव होता आणि त्यामागे करुणेइतकेच राजकारण होते. मजूर गेल्यामुळे आपले नुकसान झाले, अशी तक्रार कंपनीने केली. लवाद म्हणून कोणाला नेमावे? फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन! जुलै १८६४ मध्ये त्याने निवाडा दिला. वेठ थांबविल्याबद्दल तीन कोटी ८० लाख, कंपनीने परत केलेल्या जमिनींबद्दल तीन कोटी आणि गोड्या पाण्याच्या कालव्याबद्दल एक कोटी ६० लाख, असे एकूण आठ कोटी ४० लाख फ्रँक इजिप्तने कंपनीला द्यावेत. स्वतःच्याच प्रजेला फुकटच्या कामातून मोकळे करण्यासाठी एका देशाला परक्या कंपनीस भरपाई मोजावी लागली, ही घटना अर्थशास्त्राच्या पुस्तकात क्वचितच सापडेल.

या पैशातून लेसेप्सच्या कंत्राटदारांनी वाफेवर चालणारी गाळ उपसण्याची प्रचंड यंत्रे आणली आणि काम झपाट्याने पुढे गेले. तरीही निधी कमी पडला. १८६७ मध्ये दहा कोटी फ्रँकचे कर्जरोखे काढले, ते खपेनात. तेव्हा फ्रेंच संसदेच्या परवानगीने १८६८ मध्ये त्यांना सोडतीची जोड देण्यात आली. बक्षिसाच्या आशेने रोखे हातोहात विकले गेले. ही युक्ती लेसेप्सच्या ध्यानात पक्की बसली.

कालवा पूर्ण झाला तेव्हा खर्च ४३ कोटी फ्रँकच्या पुढे गेला होता, मूळ भांडवलाच्या दुपटीहून अधिक. उद्घाटनाला सम्राज्ञी युजेनी आपल्या जहाजातून आघाडीवर होती. सोहळ्यानंतर आठवडाभरात ६४ वर्षांच्या लेसेप्सने २१ वर्षांच्या लुईज-एलेनशी विवाह केला. पुढे या जोडप्यास बारा अपत्ये झाली. त्याच्या कीर्तीला तेव्हा सीमा नव्हती.

कालवा झाला, पण पुरेना

उद्घाटनाचे दिवे विझले आणि हिशेबाचे दिवस आले. १८७० मध्ये केवळ ४८६ जहाजे कालव्यातून गेली. शिडाच्या जहाजांना तांबड्या समुद्रातील वारे प्रतिकूल, आणि आगबोटींची संख्या अद्याप मर्यादित. समभागाची किंमत दर्शनी किमतीच्या निम्म्याखाली आली. भागधारक हवालदिल झाले.

लेसेप्सने १८७२ मध्ये मार्ग काढला तो पथकराचा. दर टनामागे दहा फ्रँक, हा सनदेतील दर त्याला वाढविता येत नव्हता. म्हणून त्याने टन मोजण्याची पद्धतच बदलली. यंत्रे आणि कोळशाची जागाही हिशेबात धरल्यामुळे तेच जहाज एकाएकी मोठे झाले आणि आकारही वाढला. जहाजमालक खवळले. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आयोग बसला. निव्वळ टनावर दहा फ्रँक आणि त्यावर तीन-चार फ्रँकचा तात्पुरता अधिभार, रहदारी वाढेल तसा तो घटत जाईल, असा तोडगा निघाला. लेसेप्सने तो धुडकावला आणि कालवा बंद करण्याची भाषा केली. एप्रिल १८७४ मध्ये इस्माईलने फौजा पाठविल्या तेव्हा कोठे त्याने माघार घेतली.

या पथकराचा भार अखेर कोणावर पडत होता? जहाजमालक तो भाड्यात मिळवी, व्यापारी भाडे मालाच्या किमतीत धरी. लिव्हरपूलमध्ये कापसाचा भाव ठरे आणि त्यातून भाडे, विमा, दलाली वजा होत होत उरलेली रक्कम हिंगणघाटच्या बाजारापर्यंत येई. कालव्यामुळे भाडे घटले, हे खरेच. पण दर टनामागचा प्रत्येक फ्रँक कोठेतरी काळ्या मातीत राबणाऱ्यालाही स्पर्श करीत असणार. त्याला मात्र ना आयोगावर जागा होती, ना भागधारकांच्या सभेत मत.

आता इजिप्तची पाळी आली. नोव्हेंबर १८७५ मध्ये व्याजाचा हप्ता भरण्यासाठी इस्माईलने आपले एक लाख ७६ हजार ६०२ समभाग विकायला काढले. ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांनी रॉथशिल्ड पेढीकडून उसने घेऊन ३९ लाख ७६ हजार ५८२ पौंडांना ते उचलले. ज्या देशाने कालव्याला विरोध केला, तोच सर्वांत मोठा भागधारक झाला. या समभागांवरील लाभांश इस्माईलने आधीच १८९४ पर्यंत कंपनीकडे गहाण टाकला होता. त्यामुळे समभाग विकूनही इजिप्तला ब्रिटनला दरवर्षी पाच टक्के व्याज, म्हणजे सुमारे दोन लाख पौंड, द्यावे लागले. १८७६ मध्ये इजिप्तचे कर्ज नऊ कोटी पौंडांच्या पुढे होते. १८७९ मध्ये इस्माईल पदच्युत झाला. १८८० मध्ये नफ्यातील १५ टक्क्यांचा हक्कही दोन कोटी २० लाख फ्रँकना फ्रेंच बँकेकडे गेला. जमीन इजिप्तची, घाम इजिप्तचा, कर्ज इजिप्तचे. उत्पन्न मात्र शून्य. १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा इजिप्तमध्ये उतरल्या. त्यांत हिंदुस्थानी पलटणीही होत्या आणि त्या मोहिमेच्या खर्चाचा वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीवरही टाकण्यात आला.

रुंदीकरण : पैसे कोणाचे?

दरम्यान कालवा गजबजला होता. १८८२ मध्ये तीन हजारांहून अधिक जहाजे त्यातून गेली. पाचांपैकी चार ब्रिटिश. मूळ कालवा तळाशी अवघा २२ मीटर रुंद आणि आठ मीटर खोल. समोरून जहाज आले की एकाने बाजूच्या थांब्यात जाऊन वाट पाहायची. एखादे जहाज गाळात रुतले की मागे रांग लागे. रात्री वाहतूक बंद. एकपदरी रस्त्यावर समोरून ट्रक यावा आणि कोणी मागे घ्यायचे यावरून खोळंबा व्हावा, तसा हा प्रकार होता.

सुधारणेचा विषय नवा नव्हता. १८७६ मध्ये ब्रिटिश सरकारच्या वतीने कर्नल स्टोक्स यांनी लेसेप्सशी करार केला होता. अधिभार टप्प्याटप्प्याने कमी व्हावा आणि कंपनीने तीस वर्षे दरसाल सरासरी दहा लाख फ्रँक कालव्याच्या सुधारणेवर खर्च करावेत, असे त्यात ठरले होते. वाढत्या रहदारीपुढे ही रक्कम म्हणजे दर्यामें खसखस. ब्रिटिश जहाजमालक संतापून दुसरा, स्वतःचा कालवा खणण्याची भाषा करू लागले.

जुलै १८८३ मध्ये ग्लॅडस्टन सरकारने तोड काढली. लेसेप्सच्या कंपनीनेच दुसरा कालवा खणावा आणि त्यासाठी ब्रिटनने ८० लाख पौंड सव्वातीन टक्के व्याजाने द्यावेत! लंडनमध्ये गहजब झाला. पथकरही आम्हीच भरायचा आणि रुंदीकरणाचे कर्जही आम्हीच द्यायचे, मग मक्तेदारी फ्रेंच कंपनीची का, असा जहाजमालकांचा सवाल होता. काही दिवसांतच सरकारला प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

मग ७८ वर्षांचा लेसेप्स स्वतः इंग्लंडला गेला. सरकारला वगळून तो थेट जहाजमालकांशी बोलला आणि ३० नोव्हेंबर १८८३ रोजी एक समझोता झाला. इतिहासात तो लंडन कार्यक्रम या नावाने ओळखला जातो. संचालक मंडळात सात ब्रिटिश जहाजमालकांना जागा मिळाल्या. सरकारचे तीन प्रतिनिधी आधीच होते. वाटाड्याचे शुल्क रद्द होणार होते. मूळ दर १८८५ पासून अर्ध्या फ्रँकने उतरणार होता. महत्त्वाचे कलम त्यापुढचे होते. लाभांश १८ टक्क्यांच्या वर गेला, की जादा नफ्याचा अर्धा भाग पथकर कमी करण्यासाठी वापरायचा. २५ टक्क्यांच्या वर गेला, की सारा जादा नफा त्यासाठीच. दर पाच फ्रँकपर्यंत उतरेतो ही व्यवस्था चालायची होती.

फ्रान्समधील भागधारकांना हा समझोता म्हणजे घरच्या दुभत्या गाईचे दूध शेजाऱ्याला देण्यासारखे वाटले. लेसेप्सने १८८४ च्या सभेत त्यांची समजूत घातली. त्याचे म्हणणे व्यवहाराचे होते. दर उतरले तर जहाजे वाढतील, जहाजे वाढली तर उत्पन्न वाढेल आणि दुसऱ्या कालव्याचे भूत गाडले जाईल. घडलेही तसेच. अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने दुसऱ्या कालव्याऐवजी असलेल्याच कालव्याच्या रुंदीकरणाचा कौल दिला. कंपनीने रोखे काढले, त्यांची फेड पथकरातून होऊ लागली. १८८७ पासून विजेचा झोत लावलेल्या सर्व जहाजांना रात्रीही प्रवेश मिळाला आणि काही वर्षांतच कालवा पार करण्याचा सरासरी वेळ एका दिवसाच्या आत आला.

लेसेप्सच्या आयुष्यातील हा सर्वांत कमी गाजलेला आणि कदाचित सर्वांत शहाणपणाचा प्रसंग. वापरणाऱ्याने मोजावे, मालकाने नफ्याला मर्यादा घालावी आणि खर्च कशावर होतो हे वापरणाऱ्याला मंडळात बसून पाहता यावे, हे सूत्र त्याने मान्य केले होते. पथकर भरून महामार्गावरून जाणाऱ्या आजच्या वाहनचालकाला यातील पहिले कलम चांगले ठाऊक आहे. दुसरे आणि तिसरे त्याच्या वाट्याला क्वचितच येते. या वाटणीतही इजिप्तचा शेतकरी आणि हिंदुस्थानचा कापूस उत्पादक कोठेच नव्हते, हेही विसरता येत नाही.

पनामाची खाई

हे शहाणपण अंगी मुरायला हवे होते. पण त्याच सुमारास लेसेप्स दुसऱ्या टोकाला धावत होता. १८७९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्याने पनामाच्या संयोगभूमीतून समुद्रसपाटीचा कालवा खणण्याचा ठराव रेटून नेला. डोंगर, पावसाळ्यात फुगणारी चाग्रेस नदी आणि पीतज्वर यांचे इशारे देणारे अभियंते त्या सभेत होते. जलपाशांचा पर्यायही मांडला गेला होता. सुएझच्या विजेत्याला ते ऐकायचे नव्हते. तांत्रिक समितीने काढलेला ८४ कोटी ३० लाख फ्रँकचा अंदाज त्याने स्वतःच ६५ कोटी ८० लाखांवर आणला.

समभागांची पहिली विक्री फसली. मग वृत्तपत्रांना पैसे चारून अनुकूल मजकूर छापून आणण्यात आला आणि डिसेंबर १८८० मध्ये ३० कोटी फ्रँकचे भांडवल जमले. गुंतवणूकदार एक लाखाहून अधिक. बहुतेक लहान बचतदार, अनेक स्त्रिया. लेसेप्सच्या नावावर त्यांचा विश्वास होता आणि तेच एकमेव तारण होते.

पनामात मृत्यूने थैमान घातले. डास आणि ताप यांचा संबंध तेव्हा कोणास ठाऊक नव्हता. फ्रेंचांच्या काळात तेथे सुमारे २२ हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. खणलेले डोंगर पावसात पुन्हा ढासळत. पैसा संपला की नवे रोखे, तेही संपले की अधिक व्याजाचे रोखे. १८८७ मध्ये जलपाशांचा पर्याय नाइलाजाने मान्य झाला, पण फार उशिरा. १८८८ मध्ये जुनी युक्ती पुन्हा बाहेर निघाली. संसदेकडून सोडतीच्या रोख्यांची परवानगी मिळविण्यात आली. हे रोखे मात्र पुरेसे खपले नाहीत. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी कंपनी दिवाळ्यात निघाली. सुमारे आठ लाख फ्रेंच गुंतवणूकदारांची पुंजी बुडाली.

परवानगी मिळविण्यासाठी लोकप्रतिनिधींना लाच दिली गेल्याचे १८९२ मध्ये उघड झाले. शंभराहून अधिक जणांवर बोट ठेवले गेले आणि पनामा हा शब्द फ्रान्समध्ये भ्रष्टाचाराचा पर्याय बनला. ९ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यायालयाने फर्डिनांड आणि त्याचा मुलगा शार्ल यांना प्रत्येकी पाच वर्षांची शिक्षा सुनावली. वृद्ध पिता सुनावणीस हजर नव्हता. ला शेनेच्या घरात, अंगावर शाल घेऊन, तो शेकोटीपाशी बसून असे. निकालाची पूर्ण कल्पना कुटुंबाने त्याला येऊ दिली नाही. मुदतीच्या मुद्द्यावर वरिष्ठ न्यायालयाने पुढे ही शिक्षा रद्द केली. ७ डिसेंबर १८९४ रोजी त्याचे निधन झाले. त्याने स्वतःसाठी फारसे काही साठविले नव्हते. कुटुंबाचा आधार उरला तो सुएझ कंपनीच्या निवृत्तिवेतनाचा.

सुएझ आणि पनामा यांत कौशल्य तेच, माणूस तोच, सोडतीची युक्तीही तीच होती. सुएझमध्ये तोटा सोसायला एक आख्खा देश होता. त्यामुळे भागधारक तरले आणि लेसेप्स थोर ठरला. पनामात तसा कोणी देश नव्हता. तोटा थेट बचत करणाऱ्यांच्या अंगावर आला आणि तोच लेसेप्स आरोपी ठरला. सुएझच्या यशात इजिप्तचा वाटा किती, हे त्याने कधी नीट मोजलेच नाही. पनामाचा अंदाज चुकण्याचे एक मूळ तेथे आहे.

हिशेब अद्याप चालूच

पनामाचा कालवा पुढे अमेरिकेने १९१४ मध्ये जलपाश बांधून पूर्ण केला. त्याच्या विस्ताराचा प्रश्न आला, तेव्हा पनामाच्या नागरिकांनी २२ ऑक्टोबर २००६ रोजी सार्वमताने ५२५ कोटी डॉलरच्या योजनेस मान्यता दिली. पैसा पथकरातून आणि त्याच्या भरवशावर काढलेल्या कर्जातून उभा राहिला. मोठे जलपाश जून २०१६ मध्ये सुरू झाले.

इजिप्तने दुसरी वाट धरली. २६ जुलै १९५६ रोजी गमाल अब्दुल नासर यांनी सुएझ कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले होते. २०१४ मध्ये नव्या पात्रासाठी सरकारने परक्या सावकारांकडे न जाता आपल्याच नागरिकांना १२ टक्के व्याजाची प्रमाणपत्रे विकली. आठ दिवसांत ६४ अब्ज इजिप्शियन पौंड जमा झाले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये नवे पात्र खुले झाले. ज्या देशाच्या समभागांची एकेकाळी व्याजासाठी विक्री झाली, त्याच देशाच्या लोकांनी रांगा लावून पैसे दिले. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे महाकाय जहाज दक्षिणेकडील अरुंद भागात सहा दिवस अडकून पडले, तेव्हा तेथेही रुंदीकरण हाती घ्यावे लागले. जहाजे मोठी होत राहतात, कालवा मागे पडत राहतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे पुन्हा आफ्रिकेच्या वळशाने जाऊ लागली. पथकराच्या भरवशावर केलेला हिशेब जहाजेच आली नाहीत तर कसा कोलमडतो, हे इजिप्तने पुन्हा अनुभवले.

पोर्ट सैदच्या धक्क्यावर १८९९ मध्ये लेसेप्सचा भव्य पुतळा उभारण्यात आला होता. त्याचा एक हात कालव्याकडे स्वागतासाठी पसरलेला होता. डिसेंबर १९५६ मध्ये, ब्रिटन आणि फ्रान्सच्या फौजा माघारी जाताच, इजिप्शियनांनी तो सुरुंगाने उडविला. अनेक दशके तुकडे पडून राहिले, पुढे त्यांची डागडुजी झाली. २०२० मध्ये पुतळा इस्माइलिया येथील संग्रहालयासाठी हलविण्याचे ठरले, तेव्हा त्याला पुन्हा धक्क्यावर उभे करावे की नाही यावर देशात मोठा वाद झाला. एका बाजूचे म्हणणे, त्याने कालवा दिला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, कालवा आमच्या आजोबा-पणजोबांनी खणला आणि त्याचे पैसेही त्यांनीच फेडले. दोन्ही विधाने खरी आहेत. पुतळा संग्रहालयात गेला. मूळ चौथऱ्यावर तो परतला नाही.